हिमनदी-प्रवास व मुंबईची गिरिभ्रमण-परंपरा

हिमनदीच्या मुखापर्यंत वा तिच्या पृष्ठभागावरून पायी केलेला, अथवा हिमनदी जेथे समुद्राला भिडते तेथपर्यंत जहाजाने केलेला प्रवास. तीर्थाटन, भूमापन, गिर्यारोहण, वैज्ञानिक संशोधन व पर्यटन असे त्याचे निरनिराळे हेतू आढळतात. महाराष्ट्रात हिमनदी नाही. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई केवळ १,६४६ मी. उंच आहे आणि मुंबईपासून हिमालयातील जवळच्या हिमनद्या सरळ रेषेतही सुमारे १,४०० किमी. दूर आहेत. असे असूनही भारतातील हिमनदी-प्रवासाच्या विसाव्या शतकातील इतिहासात समुद्रकाठच्या या शहराला मोठे स्थान आहे. हिमालयविषयक भारतातील सर्वांत जुन्या नियतकालिकाचे संपादन येथून झाले, काराकोरममधील काही हिमनद्यांचे नागरी समन्वेषण येथील हौशी मंडळींनी केले आणि अंटार्क्टिकावरील बर्फात चुंबकीय निरीक्षणे घेण्यासाठी कुलाब्याची संस्था पहिल्या मोहिमेपासून पुढे आली.

मराठीत ‘हिमनदी’ हा शब्द शास्त्रीय परिभाषेतून रूढ झाला. लोकभाषेत त्यासाठी शब्द असण्याचे कारणच नव्हते. ज्यांच्या दारात हिमनद्या आहेत त्यांच्या बोलींत मात्र स्वतंत्र शब्द आहेत. गढवालमध्ये तिला ‘बामक’, कुमाऊँमध्ये ‘गल’ व लाहूलमध्ये ‘शिगरी’ म्हणतात. रक्तवर्ण बामक, चतुरंगी बामक, बडा शिगरी ही नावे त्यांतूनच आली. मुंबईच्या गिर्यारोहकांच्या बोलण्यात हे शब्द सर्रास येतात. आपल्या भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांत ते अद्याप आलेले नाहीत.

हिमनदी मुद्दाम पाहावयास जाणे ही प्रथा यूरोपात अठराव्या शतकात सुरू झाली. १७४१ मध्ये विल्यम विंडम व रिचर्ड पोकॉक हे इंग्रज प्रवासी शामॉनी खोऱ्यातील हिमनदीवर उतरले व त्यांच्या वृत्तांतामुळे ‘मेर द ग्लास’ (बर्फाचा समुद्र) हे नाव सर्वत्र झाले. १७८६ मध्ये बाल्मा व पाकार यांनी माँ ब्लाँ शिखर गाठले. १८४० च्या सुमारास लुई आगासीने उंटरार हिमनदीवरच मुक्काम ठोकून बर्फाची गती मोजली आणि तेव्हापासून हिमनदीवर चालणे हे निरीक्षणाचे साधन ठरले. जलमार्गाने हिमनदी पाहण्याची सुरुवात अलास्कात झाली. जॉन म्यूर हा निसर्गवादी लेखक १८७९ मध्ये ट्लिंगिट आदिवासींच्या होडीतून ग्लेशिअर बे या आखातात शिरला. त्यानंतर चारच वर्षांनी, १८८३ मध्ये, प्रवाशांनी भरलेली आगबोट तेथे पोहोचली.

हिमालयात हा क्रम उलटा आहे. तेथे हौशी प्रवाशाच्या कितीतरी आधी यात्रेकरू पोहोचला होता. परंतु यात्रेकरूचे गंतव्य देऊळ होते, हिमनदी नव्हे. गंगोत्रीचे देऊळ सुमारे ३,१०० मी. उंचीवर असून गंगेचा उगम समजले जाणारे गोमुख तेथून सुमारे १८ किमी. वर आहे. बहुसंख्य यात्रेकरू देवळापासूनच परतत. पुढे जाणारे ते साधू वा एखादा हट्टी प्रवासी. गोमुखाचे पहिले शास्त्रीय वर्णन जॉन हॉजसन या सर्वेक्षण-अधिकाऱ्याचे आहे. तो ३१ मे १८१७ रोजी हर्बर्ट या सहकाऱ्यासह तेथे पोहोचला. कुमाऊँचा आयुक्त ट्रेल याच्या १८३० मधील प्रवासामुळे पिंडारी हिमनदीच्या वरची खिंड त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

महाराष्ट्राचा या यात्रेशी जुना संबंध आहे. अहिल्याबाई होळकर (१७२५–९५) यांनी बदरी-केदारच्या परिसरात बांधलेल्या धर्मशाळांचा उल्लेख नेहमी केला जातो. तथापि हिमालयाच्या वाटेकडे केवळ पुण्यसंचय म्हणून न पाहता सौंदर्यदृष्टीने पाहणारे पहिले महत्त्वाचे महाराष्ट्रीय लेखक म्हणून काका कालेलकर (१८८५–१९८१) यांचा निर्देश करावा लागतो. १९१२ मध्ये ते स्वामी आनंद यांच्यासमवेत उत्तराखंडातील तीर्थे पायी हिंडले. या दोघांचाही मुंबईहून निघणाऱ्या राष्ट्रमत या मराठी दैनिकाशी संबंध आलेला होता. ते पत्र बंद पडल्यानंतरच्या अस्वस्थ काळात हा प्रवास घडला, हे लक्षात घेतले म्हणजे त्यातील वैराग्याचा सूर उलगडतो. कालेलकरांनी त्याचे वर्णन प्रथम गुजरातीत लिहिले व नंतर ते मराठीत आले. स्वामी आनंदांनीही बर्फातून बदरीनाथला जाण्यावर गुजरातीत स्वतंत्र पुस्तक लिहिले. मुंबईतील मराठी व गुजराती वाचकांच्या दोन पिढ्यांनी हिमालय प्रथम पाहिला तो या पुस्तकांतून. हिमनदीची रचना व गती यांविषयी त्यांत फारसे काही नाही; पायी चालण्याची लय मात्र त्यांत पुरेपूर आहे आणि पुढील हौशी मंडळींनी नेमकी तीच उचलली.

गिर्यारोहक संस्था : हिमालयन क्लब ही संस्था १७ फेब्रुवारी १९२८ रोजी दिल्ली येथे स्थापन झाली व कलकत्त्याचा माउंटन क्लब त्याच वर्षाअखेर तीत विलीन झाला. केनेथ मेसन या सर्वेक्षण-अधिकाऱ्याच्या संपादकत्वाखाली द हिमालयन जर्नल १९२९ पासून प्रसिद्ध होऊ लागले. प्रारंभीचे सभासद बहुतांशी लष्करी व मुलकी इंग्रज अधिकारी होते. स्वातंत्र्यानंतर ते निघून गेले व संस्था काही काळ क्षीण झाली. तिला पुन्हा उभे करण्याचे काम ज्यांनी केले त्यांत मुंबईच्या सभासदांचा वाटा मोठा आहे. सोली मेहता व त्यांच्यानंतर हरीश कपाडिया (जन्म १९४५) यांनी जर्नलचे संपादन मुंबईतून केले. संस्थेचे कार्यालयही मुंबईच्या कोट विभागात आले. जगदीश नानावटी यांनी तर शिखर गाठल्याचे दावे छायाचित्रे, नकाशे व उंचीच्या नोंदी यांवरून घरबसल्या तपासण्याचा व्यासंगच केला. काही गाजलेले दावे त्यांच्या या छाननीत टिकले नाहीत. हे काम लोकप्रिय होण्याजोगे नव्हते. परंतु ‘मी तेथे गेलो’ या विधानाला पुरावा लागतो, ही शिस्त मुंबईच्या गिरिभ्रमणाला त्यामुळे लागली व तिचे महत्त्व पुढे हिमनद्यांच्या संदर्भात अधिकच जाणवले.

१९५३ च्या एव्हरेस्ट-विजयाने देशभर गिर्यारोहणाची लाट आली. दार्जिलिंग येथील हिमालयन गिर्यारोहण संस्था १९५४ मध्ये, तर उत्तरकाशी येथील नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ मध्ये सुरू झाली. मुंबईत ‘गिरिविहार’ ही संस्था १९५४ मध्येच निघाली. हिमालयन क्लबच्या तुलनेत तिचे स्वरूप अधिक मराठी व अधिक मध्यमवर्गीय होते. बँका, विमा कंपन्या, गिरण्यांची व रेल्वेची कचेरी, महाविद्यालये यांत दिवस काढून रविवारी मुंब्र्याच्या कड्यांवर दोर लावणारा, गिरगाव-दादर-परळच्या चाळीत राहणारा तरुण हा या चळवळीचा कणा होय. गो. नी. दांडेकरांसारख्या लेखकांनी वाढविलेली किल्ल्यांची ओढ हे तिचे दुसरे बळ. दुर्गभ्रमण आणि हिमनदी-प्रवास यांत वरवर काही साम्य नाही. एकात इतिहास, उष्मा व कातळ, तर दुसऱ्यात निर्मनुष्य बर्फ. परंतु पाठीवर ओझे घेऊन आठ-दहा तास चालण्याची, उघड्यावर मुक्काम करण्याची व दोराने एकमेकांस बांधून घेण्याची सवय सह्याद्रीने लावली होती आणि तेवढी शिदोरी पहिल्या हिमालयवारीस पुरे.

दोन बाह्य कारणांनी या चळवळीस वाट करून दिली. पहिले रेल्वेचे. मुंबईहून उत्तरेकडे जाणारी पंजाब मेल १९१२ पासून व फ्रंटियर मेल १९२८ पासून धावत होती. पुढे डेहराडून एक्सप्रेसने मुंबईहून थेट हिमालयाच्या पायथ्याशी उतरता येऊ लागले. दुसरे कारण अधिक परिणामकारक ठरले. १९६२ च्या चीन युद्धानंतर सीमाभागात लष्करी गरजेपोटी रस्त्यांचे जाळे वेगाने विणले गेले. पूर्वी जेथे पोहोचावयास पंधरा दिवसांची पायपीट लागे, तेथे मोटार जाऊ लागली आणि तीन आठवड्यांची हक्काची रजा मिळणाऱ्या कारकुनाला हिमनदी प्रथमच आवाक्यात आली. मात्र त्याच युद्धामुळे अनेक खोरी अंतर्रेषेच्या पलीकडे जाऊन परवान्याविना बंद झाली. एकाच घटनेने वाट उघडावी आणि अडवावीही, हा अनुभव मुंबईच्या मंडळींना यानंतर वारंवार आला.

नवख्यांसाठी पिंडारीची वाट सर्वांत सोयीची ठरली. लोहारखेत, ढाकुरी, खाती, द्वाली, फुरकिया असे टप्पे, प्रत्येक टप्प्याला बंगला आणि शेवटी सुमारे ३,६५० मी. उंचीवरून समोर दिसणारा हिमप्रपात. यासाठी तंबू लागत नसे व दोरही लागत नसे. गंगोत्री-गोमुखाची वाट त्याहून उंच व रुक्ष. चीडबासा, भोजबासा हे मुक्काम संपल्यावर हिमनदीच्या मुखाशी पोहोचता येते आणि तेथून दगडांनी भरलेला बर्फ ओलांडून शिवलिंग शिखराखालील तपोवनाच्या कुरणावर जाता येते. चित्रांवरून शुभ्र बर्फाची कल्पना केलेल्या माणसाची येथे निराशा होते. गंगोत्री हिमनदीचा खालचा भाग मुरूम, धोंडे व राखाडी चिखल यांनी झाकलेला असून पायाखाली बर्फ आहे हे मधूनच एखाद्या निळसर भेगेतून किंवा आत कोठेतरी वाहणाऱ्या पाण्याच्या आवाजावरून कळते.

समुद्रसपाटीवर राहणाऱ्या माणसाला या प्रवासात खरे भय असते ते बर्फाचे नसून उंचीचे. मुंबईहून निघालेला प्रवासी तीन-चार दिवसांत ३,५०० मी.वर पोहोचू शकतो. शरीराला मात्र विरळ हवेशी जुळवून घेण्यास अधिक काळ लागतो. डोकेदुखी, मळमळ व निद्रानाश ही पहिली लक्षणे. त्यांकडे दुर्लक्ष करून वर चढत राहिल्यास फुप्फुसांत वा मेंदूत पाणी साठून मृत्यू ओढवतो. उपाय एकच व तो म्हणजे तत्काळ खाली उतरणे. रजेचे दिवस मोजून आलेल्या माणसाला तोच सर्वांत जड जातो.

प्रत्यक्ष हिमनदीवर चालताना धोका असतो तो हिमविदरांचा. हिमनदी उतारावरून सरकताना तिचा वरचा ठिसूळ थर ताण पडून फाटतो व खोल भेगा पडतात. नवे हिम त्यांवर पूल धरते. पहाटेच्या थंडीत हा पूल माणसाचे वजन पेलतो, दुपारी पेलत नाही. म्हणून हिमनदीवरील वाटचाल मध्यरात्रीनंतर सुरू करून सूर्य वर येण्याआधी संपविण्याचा व सर्वांनी एका दोरात चालण्याचा प्रघात आहे. १९७४ मध्ये हरीश कपाडिया नंदादेवी परिसरातील देवतोली (६,७८८ मी.) या शिखरावरून परतताना सुमारे ६,२०० मी. उंचीवर हिमविदरात कोसळले व त्यांच्या कमरेचा सांधा निखळला. सहकाऱ्यांनी त्यांना तेरा दिवस उचलून तळछावणीपर्यंत आणले आणि तेथून हेलिकॉप्टरने त्यांची सुटका झाली. पुढची दोन वर्षे ते कुबड्यांवर होते. मुंबईत कापडाचा व्यापार करणाऱ्या या गृहस्थाने त्यानंतरच्या तीन दशकांत हिमालयातील जितकी खोरी पायाखाली घातली, तितकी क्वचितच कोणी घातली असतील; लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने २००३ मध्ये त्यांना पेट्रन्स पदक दिले.

या घटनेत वैयक्तिक जिद्दीइतकीच दुसरी एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. दुर्गम हिमनदीवरून जखमी माणूस खाली येतो तो इतरांच्या खांद्यावरून. हे खांदे बहुधा शेरपा, कुमाऊँनी, गढवाली वा लडाखी हमालांचे असतात. मुंबईच्या क्लबांची जुनी वृत्ते वाचताना सभासदांची पूर्ण नावे, त्यांचे व्यवसाय व शिक्षण यांची नोंद आढळते, तर ओझेवाल्यांचा उल्लेख पुष्कळदा संख्येने होतो. कपाडियांच्या लेखनात त्यांची नावे व स्वभाव येतात, हा त्या लेखनाचा गुण होय. ओझेवाल्यांचा विमा उतरविणे हा मोहिमेच्या परवानगीचा भाग झाला, ते बरेच नंतर.

गिरिविहारने १९८८ मध्ये कांचनजंगा (८,५८६ मी.) या जगातील तिसऱ्या क्रमांकाच्या शिखरावर वसंत वसंत लिमये यांच्या नेतृत्वाखाली मोहीम काढली. आठ हजार मीटरांहून उंच शिखरावर भारतीय नागरी संस्थेने केलेला हा अगदी सुरुवातीचा प्रयत्न होता. त्यात संजय बोरोले या सदस्याला प्राण गमवावे लागले. या मृत्यूने मुंबईत ‘हे कशासाठी’ हा प्रश्न उपस्थित झाला. तो अवाजवी म्हणता येणार नाही. संस्था मात्र मोडली नाही. १९९८ मध्ये हृषीकेश यादव यांच्या नेतृत्वाखालील नागरी मोहीम तिबेटच्या बाजूने, रोंगबुक हिमनदीवरून, एव्हरेस्टवर गेली व पुण्याचे सुरेंद्र चव्हाण हे शिखरावर पोहोचणारे पहिले महाराष्ट्रीय ठरले.

सियाचीन व तेरोंग : मुंबईच्या हिमनदी-प्रवासातील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण काराकोरममध्ये घडले. सियाचीन ही सुमारे ७६ किमी. लांबीची हिमनदी ध्रुवप्रदेश वगळता जगातील सर्वांत लांब हिमनद्यांपैकी एक आहे. टॉम लाँगस्टाफ १९०९ मध्ये व फॅनी बुलक वर्कमन ही अमेरिकन समन्वेषक १९११-१२ मध्ये तेथे पोहोचली. हिमनदीच्या माथ्यावरील ‘इंदिरा कोल’ हे नाव वर्कमनबाईंनी लक्ष्मीवरून दिले. ते भारताच्या पंतप्रधानांवरून पडले असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो, तो चुकीचा आहे. १९७२ च्या सिमला करारानंतर आखलेली नियंत्रणरेषा ‘एनजे ९८४२’ या बिंदूपाशी थांबते व तेथून पुढे ‘उत्तरेस हिमनद्यांकडे’ एवढेच मोघम शब्द येतात. पाकिस्तानने परदेशी गिर्यारोहकांना या भागाचे परवाने देण्यास सुरुवात केली आणि अशा मोहिमा हाच ताब्याचा पुरावा मानला जाऊ लागला. कर्नल नरेंद्र कुमार यांच्या लष्करी मोहिमा १९७८ व १९८१ मध्ये तेथे गेल्या व १३ एप्रिल १९८४ रोजी भारतीय सेनेने खिंडी व्यापल्या. हौशी माणसाची पायवाट राष्ट्राच्या हद्दीचा दाखला ठरावी, याचे इतके ठळक उदाहरण अन्यत्र सापडणे कठीण.

त्यानंतर एका वर्षाने, १९८५ मध्ये, मुंबईच्या सदस्यांची भारत-ब्रिटिश मोहीम कपाडियांच्या नेतृत्वाखाली तेरोंग या सियाचीनच्या पूर्वेकडील उपखोऱ्यात शिरली. मेहेर मेहता, मुस्लिम कॉन्ट्रॅक्टर, झर्क्सिस बोगा, अरुण सामंत, धीरेन तुलसीदास हे मुंबईचे, तर डेव्ह विल्किन्सन, जिम फोदरिंगम, स्टीव्हन व्हेनेबल्स, व्हिक्टर साँडर्स व हेन्री ऑस्मास्टन हे ब्रिटनचे सदस्य तीत होते. विल्किन्सन व फोदरिंगम यांनी रिमो-३ हे शिखर प्रथमच गाठले. मुंबईकरांनी आसपासची लहान शिखरे व खिंडी धुंडाळल्या. गिर्यारोहणाच्या इतिहासात रिमो-३ ची नोंद अगोदर होते. भूगोलाच्या दृष्टीने दुसऱ्या कामाचे मोल कमी नाही. १९२९ मध्ये डच समन्वेषक फिलिप व्हिसर याच्या पथकाने तेरोंगचा नकाशा केला होता व त्यानंतर त्या हिमनद्यांकडे फारसे कोणी फिरकले नव्हते. कपाडिया १९९६ मध्ये पुन्हा तेरोंगला गेले व १९९८ मध्ये सियाचीनच्या संपूर्ण लांबीवरून चालत इंदिरा कोलपर्यंत पोहोचले.

तेथे त्यांना जे दिसले त्याने त्यांच्या लेखनाची दिशा बदलली. छावण्यांचा कचरा, रॉकेलचे डबे, दारूगोळ्याची खोकी व हवेतून टाकलेल्या सामानाची छत्रे बर्फात गाडली जात होती. थंडीमुळे तेथे काहीच कुजत नाही आणि हिमनदी ते सारे सावकाश खाली, नुब्रा नदीकडे, वाहून आणते. दोन्ही बाजूंची जीवितहानी गोळीबारापेक्षा हिमलोट, हिमविदर व उंचीवरील विकार यांनीच अधिक झाली. हा प्रदेश दोन्ही देशांनी मिळून ‘शांतता उद्यान’ म्हणून राखावा, या कल्पनेचा कपाडियांनी सातत्याने पुरस्कार केला. नोव्हेंबर २००० मध्ये त्यांचे पुत्र लेफ्टनंट नवांग कपाडिया काश्मीरमधील कुपवाडा भागात दहशतवाद्यांशी लढताना मारले गेले. त्यानंतरही त्यांनी हा पुरस्कार सोडला नाही. त्यांची सूचना सामरिकदृष्ट्या व्यवहार्य आहे काय याविषयी तीव्र मतभेद आहेत व ते समजण्याजोगे आहेत. मात्र तिला भाबडी म्हणून बाजूस सारणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या बर्फावरून ७६ किमी. चालून पाहिले आहे, हेही विचारले पाहिजे. सेनेने २००७ पासून निवडक नागरिकांसाठी सियाचीनच्या खालच्या भागात पदभ्रमणे आयोजित केली व ऑक्टोबर २०१९ मध्ये तळछावणीपासून कुमार ठाण्यापर्यंतचा भाग पर्यटकांस खुला करण्याची घोषणा झाली.

जलमार्गाने : महाराष्ट्र-गोव्याच्या किनाऱ्यावरून जहाजाने हिमनदी गाठावयाची तर पृथ्वीच्या दक्षिण टोकाला जावे लागते. पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून ‘पोलार सर्कल’ या नॉर्वेजियन जहाजातून निघाली. २१ जणांचे हे पथक ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरले व २१ फेब्रुवारीस गोव्यास परतले. जहाजाला किनारा असा मिळत नाही. खंडावरील बर्फ सरकत येऊन समुद्रावर तरंगत राहतो, त्या हिमस्तराच्या कड्यालाच जहाज लावावे लागते. माणसे व सामान क्रेनने वा हेलिकॉप्टरने वर चढविले जाते.

तिसरी मोहीम डॉ. हर्ष गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८३ मध्ये ‘फिनपोलारिस’ या जहाजातून गेली. तीत भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता व समुद्रवैज्ञानिक अदिती पंत या अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रिया होत्या. नागपूर येथे १९४३ मध्ये जन्मलेल्या अदिती पंत या औंध संस्थानच्या राजघराण्यातील व राजनीतिज्ञ अप्पा पंत यांच्या कन्या. पुणे विद्यापीठ, हवाई व लंडन येथे शिक्षण घेऊन त्या गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम करीत होत्या. दक्षिण महासागरातील अन्नसाखळी हा त्यांच्या निरीक्षणाचा विषय. याच मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिले भारतीय स्थानक उभारले गेले व बारा जण तेथे हिवाळाभर राहिले. स्थानक तरंगत्या हिमस्तरावर असल्याने हिम साचून ते हळूहळू गाडले गेले व त्याचा वापर थांबवावा लागला. १९८९ मध्ये ‘मैत्री’ हे स्थानक म्हणूनच शिरमाकर या खडकाळ भागात बांधण्यात आले.

या मोहिमांत मुंबईची भारतीय भूचुंबकत्व संस्था आरंभापासून सहभागी आहे. तिचे मूळ कुलाब्याच्या वेधशाळेत (१८२६) असून तेथे १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून, त्यांच्या विद्युत्प्रवाहाने नोंदी बिघडू नयेत यासाठी, १९०४ मध्ये अलिबाग येथे नवी वेधशाळा काढावी लागली. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील सूर्यजन्य वादळांचे सर्वांत स्पष्ट परिणाम ध्रुवीय प्रदेशांत दिसत असल्याने, कुलाबा-अलिबागच्या दीर्घ मालिकेला अंटार्क्टिकावरील नोंदींची जोड मिळणे हा शास्त्रीयदृष्ट्या मोठा लाभ होता. हिमनदीवर जाण्याचे मुंबईकराचे हे कारण बहुधा सर्वांत कमी माहीत असलेले आहे. ध्रुवीय संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र १९९८ मध्ये गोव्यातील वास्को येथे स्थापन झाले व त्याच केंद्राने २०१६ मध्ये स्पितीत ‘हिमांश’ हे हिमनदी-अभ्यासाचे उंचावरील ठाणे सुरू केले.

पर्यटन : १९८० नंतर मुंबईत मराठी पर्यटनसंस्था वाढल्या, केसरी टूर्स ही त्यांपैकी एक १९८४ मध्ये निघाली. त्यांच्यामुळे स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोखवरून आलेच हिमनदी पाहून आलेली माणसे दादर-गिरगावात घरोघरी सापडू लागली. पुढे अलास्का, आइसलंड व अंटार्क्टिका येथील जहाजफेऱ्यांची त्यांत भर पडली. या प्रवासात हिमनदी एका दिवसाची पाहुणी असते व तिच्यावर पाय पडलाच तर तो आखलेल्या पट्ट्यावर पडतो. गिर्यारोहक मंडळी त्याची थट्टा करतात, पण साठी उलटलेल्या माणसाला बर्फाची नदी पाहावयास मिळते ती याच मार्गाने. अंटार्क्टिकावर एका वेळी शंभरांहून अधिक पर्यटक किनाऱ्यावर उतरवू नयेत असा जहाजचालकांचा नियम आहे. गोमुखाकडे जाणाऱ्यांची संख्याही २००८ पासून दिवसाला १५० अशी मर्यादित करण्यात आली.

हिमनद्यांचा संकोच : भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे जॉन ऑडेन यांनी १९३५ मध्ये गंगोत्री हिमनदीच्या मुखाचे मापन केले. तेव्हापासूनच्या नोंदींवरून ते मुख सरासरी वर्षाला सुमारे २० मी. या प्रमाणात मागे सरकले असून एकूण माघार एक किलोमीटरपेक्षा अधिक आहे. दक्षिण गंगोत्री हिमनदीच्या मुखावर त्याच सर्वेक्षणाने १९८३ पासून लक्ष ठेवले आहे. तेथील माघार गंगोत्रीच्या तुलनेत फारच मंद आहे. पिंडारीचा ‘झीरो पॉइंट’ ज्या बर्फाच्या काठावर असल्याचे जुनी वृत्ते सांगतात, तो बर्फ आता बराच वर गेला आहे. माघारीमुळे मुखापाशी सैल हिमोढ व तळी तयार होतात आणि ती फुटली तर खालच्या वस्तीवर आपत्ती येते. १६-१७ जून २०१३ रोजी अतिवृष्टीत केदारनाथच्या वरचे चोराबारी तळे फुटले, तेव्हा हजारोंनी प्राण गमावले. महाराष्ट्रातील यात्रेकरूही मोठ्या संख्येने अडकून पडले होते. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोली जिल्ह्यात खडक व बर्फ यांचा प्रचंड कडा कोसळून आलेल्या पुरात दोनशेहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या संस्थेचे प्रशिक्षणार्थी द्रौपदी का डांडा शिखरावर हिमलोटात सापडले. त्यांपैकी अनेक जण हे आपले पहिलेच शिखर चढत होते.

या पार्श्वभूमीवर हौशी प्रवाशांच्या जुन्या छायाचित्रांना अनपेक्षित महत्त्व आले आहे. भारतातील हजारो हिमनद्यांपैकी मोजक्याच हिमनद्यांवर सलग शास्त्रीय मापने झालेली आहेत. उपग्रहचित्रांची उपयुक्त मालिका १९७० नंतरची असल्याने त्याआधीची स्थिती ठरविण्यास जुने नकाशे व पायी गेलेल्यांची छायाचित्रे हाच आधार उरतो. छायाचित्र कोठून, कोणत्या दिशेस व कोणत्या दिवशी घेतले हे नोंदलेले असेल तरच ते पुराव्यास चालते. नानावटींच्या पद्धतीने तपासलेल्या द हिमालयन जर्नलच्या वृत्तांत ही नोंद बहुधा मिळते. गिरिभ्रमण मंडळांतील सामान्य सभासदांच्या कपाटांत मात्र गोमुख-पिंडारीच्या वाऱ्यांच्या काचपट्ट्या व अल्बम तारखेविना पडून आहेत, आणि ज्यांना त्या तारखा आठवतात ती माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत.